ओबामांचं आयरिश गाव कसं सापडलं: मनीगॉलच्या केर्नी घराण्याचा कागदोपत्री माग

2007 मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत नुकतेच उतरले होते, वडिलांकडचं केनियातलं घराणं सगळ्यांना माहीत होतं, आईकडच्या बाजूबद्दल मात्र त्या मानाने कमी बोललं जायचं. त्या वेळी वंशावळींची वेबसाइट चालवणाऱ्या अॅन्सेस्ट्री कंपनीत मुख्य वंशावळ-अभ्यासक असलेल्या मेगन स्मोलेन्याक यांनी ती बाजू खणायला घेतली आणि त्यातून एक आयरिश तरुण बाहेर आला, फाल्मथ केर्नी. नातं आपल्या पद्धतीने सांगायचं तर ओबामांच्या आईच्या वडिलांच्या आजीचे वडील. आयर्लंडमधल्या मनीगॉल नावाच्या जेमतेम तीनशे वस्तीच्या गावातला, बूट बनवणाऱ्याचा मुलगा.

बातमी म्हणून हे सगळ्यांनी वाचलं आणि सोडून दिलं. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे हा माणूस सापडला कसा, कारण आयर्लंडमध्ये 1850 च्या आधीचा साधा माणूस कागदावर सापडणं हे खरंच अवघड काम आहे आणि या केसमध्ये जवळजवळ सगळे नेहमीचे रस्ते बंद होते. जो रस्ता उघडा राहिला तो का उघडा राहिला हे नीट समजून घेतलं तर कुठल्याही आयरिश कुटुंबाचा शोध घेताना उपयोगी पडतं. आपल्यातले बरेच जण आता डब्लिन, कॉर्क, गॉलवेला स्थायिक आहेत, कुणाचा जावई आयरिश, कुणाची सून आयरिश, मुलांना शाळेत फॅमिली ट्री करून आणायला सांगतात, तर त्यांच्यासाठीही हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात अमेरिकेतून झाली आणि ती तिथूनच व्हायला हवी होती. ओबामांच्या आई ॲन डनहॅम, जन्म 1942, विचिटा, कॅन्सस. त्यांचे वडील स्टॅन्ली डनहॅम, 1918, तेही विचिटाचेच. स्टॅन्लीचे वडील राल्फ वाल्डो इमर्सन डनहॅम, 1894. राल्फची आई मेरी ॲन केर्नी, जन्म 1869 चा, इंडियाना राज्यातल्या टिप्टन काउंटीतला. आणि मेरी ॲनचे वडील फाल्मथ. असं एकेक पिढी मागे जाताना आधार मुख्यतः दर दहा वर्षांच्या अमेरिकन जनगणनेचा, लग्नाच्या नोंदींचा आणि कबरींचा. अमेरिकन जनगणनेत घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव यायला लागलं ते 1850 पासून, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे असायचे. फाल्मथ अमेरिकेत आला तोही 1850 मध्येच, त्यामुळे या कुटुंबाला ती नावनिशीवार जनगणना पहिल्यापासून मिळाली.

इथे एक गोष्ट नशिबाची आहे आणि ती सांगायलाच हवी. फाल्मथ हे नाव फार कमी लोकांचं. आयर्लंडमधून गेलेले जॉन मर्फी किंवा मेरी केली शोधायला बसलात तर एकाच गावात एकाच वयाचे चार निघतात, आणि मग कुठला आपला हे ठरवताना डोकं धरायची वेळ येते. फाल्मथ केर्नी म्हटलं की तो एकच. तरीही स्पेलिंग जागोजागी वेगळं, कुठे फुल्मथ, कुठे आडनाव कार्नी किंवा कर्नी असं, कारण लिहिणारा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा आणि त्यात दुरुस्ती करणारं कुणी नव्हतं. सर्च करताना एकच स्पेलिंग धरून बसलं की शोध तिथेच संपतो, हे या क्षेत्रातलं पहिलं दुखणं.

20 मार्च 1850 ला न्यूयॉर्कला लागलेल्या मार्मियन जहाजाच्या प्रवासी यादीत तो आहे, वय 19. आता ही यादी म्हणजे काय असते ते जरा जवळून बघा, कारण लोकांची इथे मोठी निराशा होते. 1820 पासून अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या कॅप्टनला बंदरावर अशी यादी द्यावी लागायची. एका मोठ्या तावावर हाताने ओढलेले रकाने: नाव, वय, पुरुष की स्त्री, धंदा, कुठल्या देशाचा, कुठल्या देशात राहणार. बस. देशाच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘आयर्लंड’ लिहायचं आणि खाली पानभर फक्त ‘डिटो’च्या खुणा टाकत जायचं, म्हणजे वरचंच परत. गावाचं नाव नाही, आईबापाचं नाव नाही, तिकडे कुणाकडे चाललाय तेही नाही. ते सगळे रकाने खूप नंतर, 1890 च्या दशकापासून हळूहळू आले. आणि बरेच लोक सरसकट म्हणतात की आमचे पूर्वज एलिस आयलंडवरून आले, तर एलिस आयलंड हे न्यूयॉर्कला येणाऱ्यांची नोंद घेणारं केंद्र सुरू झालं 1 जानेवारी 1892 ला, त्याच्या आधीचं कॅसल गार्डन 1855 ला. फाल्मथ आला तेव्हा यातलं काहीच नव्हतं, जहाज धक्क्याला लागलं की माणूस उतरून चालायला लागायचा. आयर्लंडच्या बाजूने बघावं तर त्या काळच्या जाणाऱ्यांच्या सरकारी याद्याच नाहीत, ब्रिटिश बंदरांतून बाहेर पडणाऱ्यांच्या याद्या जपलेल्या आहेत त्या 1890 पासून पुढच्या.

म्हणजे अमेरिकेतल्या कागदांवर तो आयर्लंडचा एवढंच कळतं. आणि नुसतं ‘आयर्लंड’ हाती असताना डब्लिनचं विमान पकडण्यात काही अर्थ नाही, हे मी ज्याला त्याला सांगतो. आयर्लंडमध्ये साठ हजारांवर टाउनलँड आहेत, म्हणजे महसुली वाड्या म्हणा, आणि तिथलं रेकॉर्ड जागेनुसार लावलेलं असतं. जागा माहीत नसेल तर आडनाव घेऊन काय करणार?

जागेचं नाव काढायचं ते समुद्राच्या अलीकडेच, अमेरिकेतल्या कागदांतून. आणि ते बहुतेक वेळा तुमच्या थेट पूर्वजाच्या कागदात नसतं, त्याच्या भावाच्या, काकाच्या, शेजाऱ्याच्या कागदात असतं. केर्नींच्या बाबतीत नेमकं हेच झालं. फाल्मथचे वडील जोसेफ, त्यांचे भाऊ फ्रान्सिस आधीच ओहायोत जाऊन जमीन करून बसले होते. ते 1848 मध्ये वारले आणि मृत्युपत्रात जमीन भाऊ जोसेफला ठेवली, अट अशी की त्याने इकडे यावं. जोसेफ 1849 ला निघाले. पुढच्या वर्षी फाल्मथ, बहीण मार्गारेट आणि तिचा नवरा. त्याच्या पुढच्या वर्षी आई फीबी आणि उरलेली मुलं. एकेकाने जाऊन मागच्यांना बोलवायचं, अशी ही पद्धत, आणि म्हणूनच एका माणसावर नजर ठेवून चालत नाही, सगळा गोतावळा मांडावा लागतो. ओहायोच्या केर्नींची सगळी पाळंमुळं अशी एकत्र मांडल्यावर मनीगॉल, किंग्ज काउंटी हे नाव हाती आलं.

मृत्युपत्राने आणखी एक काम केलं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. 1850 ला आयर्लंड सोडलं म्हटलं की कुणीही डोळे झाकून सांगेल, दुष्काळामुळे गेला. 1845 ते 1852 चा तो बटाट्याचा दुष्काळ, साधारण दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि त्या हलाखीची झळ मनीगॉललाही बसलीच असणार, धंदा बसला असणार, बूट शिवून घ्यायला लोकांकडे पैसा कुठून येणार. पण केर्नी कुटुंब नेमकं त्या वर्षी, त्या क्रमाने आणि ओहायोलाच का गेलं याचं उत्तर मृत्युपत्रातल्या त्या जमिनीत आहे. घराघरांत चालत आलेल्या कथा दुष्काळाला धरून बसतात कारण तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जिव्हारी लागलेला प्रसंग होता. एखाद्या घराण्याचं खरं कारण मात्र वेगळं असू शकतं आणि ते कागद वाचल्याशिवाय कळत नाही.

आता मनीगॉल. गाव एवढंसं, एक मोठा रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं, पण रेकॉर्डच्या दृष्टीने त्याचा पत्ता बघितला तर चक्कर येते. काउंटी तेव्हा किंग्ज काउंटी, आता ऑफली, स्वातंत्र्याच्या वेळी नाव बदललं, त्यामुळे जुन्या इंडेक्समध्ये ऑफली टाकलं तर काहीच येत नाही. गाव टिपररीच्या हद्दीला चिकटून. बॅरनी, म्हणजे काउंटीतला तालुक्यासारखा जुना भाग, ती क्लॉनलिस्क. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चचा इलाखा, त्यातली सिव्हिल पॅरिश, म्हणजे सरकारी हिशोबाची, ती कलनवेन. गरीब कायद्याखालचं, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी आखलेलं, युनियन रॉसक्रे, आणि रॉसक्रे गाव टिपररीत. बिशपचा डायोसिस, म्हणजे त्याच्या हाताखालचा प्रदेश, किलालू, तो तर क्लेअर काउंटीपर्यंत पसरलेला. कॅथलिक पॅरिश डंकेरिन. आणि प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडची पॅरिश टेंपलहॅरी. एकाच घराची माहिती या सात नावांखाली सात ठिकाणी पडलेली असू शकते आणि प्रत्येक खात्याची स्वतःची हद्द, एकाची दुसऱ्याशी जुळत नाही. ‘मनीगॉल’ असं सर्च करून काही आलं नाही म्हणून थांबणारे लोक मी पाहिलेत, अरे बाबांनो, त्या नावाखाली ते लावलेलंच नाहीये.

मग रस्ते एकेक करून बघू. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी आयर्लंडमध्ये सुरू झाली 1 जानेवारी 1864 ला, बिगर-कॅथलिक लग्नांची थोडी आधी, एप्रिल 1845 पासून. फाल्मथचा जन्म 1830 च्या आसपासचा, आईवडिलांचं लग्न त्याच्याही आधीचं, दोन्ही हुकलं. ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, म्हणजे घरपट्टीसाठी केलेली देशभरची मोजणी, ज्यावर आयरिश शोधाचा अर्धा डोलारा उभा असतो, त्याच्या छापील याद्या 1847 ते 1864 मधल्या, पण या भागाच्या निघाल्या 1850 च्या दशकात, तोवर जोसेफ ओहायोत पोचून शेती करत होते. टाइदच्या, म्हणजे चर्च ऑफ आयर्लंडसाठी घेतल्या जाणाऱ्या कराच्या, याद्या 1823 ते 1837 च्या, काळ अगदी बरोबर, पण तो कर शेतजमिनीवर, गावातल्या घरात बसून बूट शिवणारा माणूस त्यात येईलच असं नाही. 1901 आणि 1911 ची जनगणना नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहे आणि अप्रतिम आहे, मागे राहिलेल्या नातेवाइकांसाठी तिचा उपयोग होतो, फाल्मथसाठी शून्य.

आणि त्याआधीच्या जनगणना? 1821, 1831, 1841 या तिन्ही वेळी केर्नी कुटुंब आयर्लंडमध्येच होतं आणि कारकुनाने दारात येऊन नोंद घेतली होती, कागद ऐंशी ते शंभर वर्षं जपूनही ठेवले होते, आणि ते जळाले. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात पब्लिक रेकॉर्ड ऑफिस होतं. 1922 च्या एप्रिलमध्ये ब्रिटनशी झालेल्या कराराच्या विरोधातल्या आयरिश सैनिकांनी ते आवार ताब्यात घेतलं, 28 जूनला नव्या सरकारच्या फौजांनी तोफा डागायला सुरुवात केली आणि 30 जूनला प्रचंड स्फोट होऊन सातशे वर्षांचं रेकॉर्ड जळून गेलं. शहरभर जळके कागद उडत होते, कित्येक मैलांवर होथपर्यंत जाऊन पडले. 1861 ते 1891 च्या जनगणनांचं तर आणखी वाईट, त्या आगीत गेल्याच नाहीत, 1861 आणि 1871 च्या सरकारनेच आकडे काढून झाल्यावर नष्ट केल्या आणि 1881, 1891 च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत लगदा व्हायला गेल्या. हे वाचलं की अजूनही हळहळ वाटते.

काही तुकडे वाचले. 1821 चे किंग्ज काउंटीतले वाचलेले तुकडे बॅलीब्रिट बॅरनीचे आहेत, क्लॉनलिस्कच्या शेजारचीच बॅरनी. म्हणजे केर्नी थोडे पलीकडे राहत असते तर 1821 मध्ये घरात कोण कोण होतं, काय धंदा होता, सगळं आज वाचायला मिळालं असतं. आणखी एक चोरवाट आहे, या केसमध्ये लागली नाही पण अनेकांना लागते म्हणून सांगतो. 1908 च्या कायद्याने सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं. सत्तरीचा पुरावा कुठून आणायचा, जन्मनोंद तर 1864 नंतरची. मग लोक अर्ज करायचे की 1841 किंवा 1851 च्या जनगणनेत माझं नाव बघा, आईवडिलांची नावं ही, गाव हे. डब्लिनचा कारकून मूळ कागद काढून बघायचा आणि अर्जावर लिहायचा सापडलं, अमुक वय. मूळ जनगणना जळली, हे अर्ज वाचले, आणि त्यांवर जळलेल्या जनगणनेतली ती कुटुंबं आजही आहेत. जाता जाता, याच पेन्शनमुळे 1901 ला पन्नाशीत असलेली माणसं 1911 ला थेट सत्तरीला टेकलेली दिसतात, त्यामुळे वयाचा आकडा बघून माणूस नाकारू नका.

उरली चर्चची रजिस्टरं, आणि इथे सगळ्यात मोठा चकवा होता. केर्नी हे आडनाव जुनं गेलिक, ओ केअर्नी या घराण्याचं. असं आडनाव दिसलं की बहुतेक जण कॅथलिकच समजतात आणि शंभरातल्या बऱ्याच केसमध्ये ते बरोबरही निघतं. कॅथलिक रजिस्टरं बघणं आता सोपंही आहे, नॅशनल लायब्ररीने जुलै 2015 मध्ये साधारण 1880 पर्यंतच्या सगळ्या मायक्रोफिल्म ऑनलाइन टाकल्या. पण हे केर्नी चर्च ऑफ आयर्लंडचे होते. डंकेरिनच्या कॅथलिक रजिस्टरमध्ये कितीही पानं उलटली असती तरी जोसेफ आणि फीबीचं घर तिथे मिळालं नसतं. आडनावावरून धर्म ठरवू नये, लग्नाने, नोकरीने, अठराव्या शतकातल्या कॅथलिकांविरुद्धच्या कायद्यांच्या दबावाने कितीतरी घराणी इकडची तिकडे गेली.

बरं, चर्च ऑफ आयर्लंड म्हटलं की पुढचा धोका त्याहून मोठा. 1869 च्या कायद्याने या चर्चचं सरकारीपण काढून घेतलं, ते लागू झालं 1871 च्या सुरुवातीला, आणि 1870 च्या दशकातच असा कायदा आला की त्याआधीची यांची रजिस्टरं ही सरकारी कागदपत्रं, ती डब्लिनच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. ज्या रेक्टरकडे, म्हणजे पॅरिशच्या पाद्र्याकडे, सुरक्षित जागा आहे त्याला स्वतःकडे ठेवायची मुभा होती. हजाराहून जास्त पॅरिशनी इमानदारीने आपली रजिस्टरं पाठवून दिली, निम्म्याहून जास्त देशाची, आणि 30 जून 1922 ला ती जवळजवळ सगळी गेली. ज्यांनी नियम पाळून, सुरक्षित राहावीत म्हणून पाठवली त्यांचीच जळाली. कॅथलिक रजिस्टरं सरकारी नव्हतीच, ती गावोगावच्या पाद्र्यांच्या घरी होती, म्हणून वाचली.

टेंपलहॅरीची जुनी रजिस्टरं डब्लिनला गेली नव्हती, तिकडेच परिसरात राहिली होती. 2007 मध्ये त्या भागाचे रेक्टर होते कॅनन स्टीफन नील, राहायला क्लॉजॉर्डनला. स्मोलेन्याक यांच्याकडून विचारणा आल्यावर त्यांनी ती जुनी पुस्तकं काढून पानं चाळली आणि केर्नी कुटुंबाच्या नोंदी त्यात मिळाल्या. ओहायोकडून आलेली नावं, मनीगॉल हे गाव, आणि बूट बनवण्याचा धंदा, तिन्ही जुळलं. इंटरनेटवर तेव्हा यातलं काहीही नव्हतं. एका माणसाने दुसऱ्या माणसाला विचारलं आणि त्याने कपाट उघडून बघितलं, एवढंच.

या रजिस्टरमध्ये काय असतं आणि काय नसतं हेही सांगतो, कारण पहिल्यांदा पान उघडलं की गोंधळ होतो. चर्च ऑफ आयर्लंडच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी इंग्रजीत, साधारण तारीख, मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, पुढेपुढे राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदाही, शेवटी पाद्र्याची सही. आईचं माहेरचं आडनाव बहुधा नसतं, आणि ही मोठी उणीव आहे, कारण त्याशिवाय आईच्या बाजूला मागे जाता येत नाही. कॅथलिक नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये, अक्षर घाईचं, शाई उडालेली, पण त्यात आईचं माहेरचं नाव असतं आणि दोन धर्म-पालकांची नावंही, जे बहुतेक वेळा मामा, मावशी, काका असे घरचेच असतात. त्यामुळे एका नोंदीतून अख्खं नातेगोतं उभं राहतं. धर्म-पालकांची नावं लिहून न घेता पुढे जाऊ नका, आज बिनकामाची वाटतील, सहा महिन्यांनी तीच गाठ सोडवतील.

मनीगॉलपर्यंत पोचल्यावर डब्लिनच्या इनेक्लान या संशोधन कंपनीने हा धागा आणखी मागे नेला, अठराव्या शतकात, आणि तिथे चित्र पार बदलतं. गावात बूट बनवणाऱ्या या घराण्याच्या आधीच्या पिढ्यांत डब्लिन शहरातला एक मायकेल केर्नी निघाला, केसांचे टोप म्हणजे विग बनवणारा, मालमत्तेचे व्यवहार करणारा, बऱ्यापैकी सधन. याच घराण्याच्या दुसऱ्या फांदीवर जॉन केर्नी आहेत, जे 1799 ते 1806 डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख, होते आणि नंतर ऑसरीचे बिशप झाले. मोठ्या विगांची फॅशन गेली आणि त्यावर उभा असलेला धंदा बसला, हे घराणं खाली येण्यामागे ते एक कारण असावं.

पण मायकेल केर्नी सापडला कुठे ते बघा. रजिस्ट्री ऑफ डीड्स, 1708 पासूनचे जमीन-घराचे व्यवहार, साक्षीदार, भाडेपट्टे, लग्नातले करार. ती कचेरी हेन्रिएटा स्ट्रीटवर, फोर कोर्ट्सपासून वेगळी, म्हणून शाबूत. शहराच्या नागरिकत्वाच्या आणि व्यवसाय-संघांच्या नोंदी महापालिकेच्या बाजूला, शाबूत. ट्रिनिटीचं रेकॉर्ड ट्रिनिटीत, शाबूत. मृत्युपत्रं मात्र रेकॉर्ड ऑफिसात होती, ती गेली, इंडेक्स तेवढे राहिले. म्हणून माझं आता ठाम मत झालंय की आयरिश शोधात कुठलंही रेकॉर्ड मनात आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, 1922 च्या जून महिन्यात हा कागद कुठल्या इमारतीत होता? उत्तर फोर कोर्ट्स आलं तर मूळ कागदाचा नाद सोडून नक्कल, उतारा, इंडेक्स कुठे आहे ते बघायचं. आता त्यासाठी व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी आहे, आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, जून 2022 मध्ये सुरू केलेली, जगभरच्या संग्रहांत पडलेल्या नकला आणि उतारे गोळा करून जळालेलं ऑफिस परत मांडायचा प्रयत्न. जबरदस्त काम आहे आणि फुकट आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 23 मे 2011 ला ओबामा मनीगॉलला आले, गावकऱ्यांशी हात मिळवले, पबमध्ये गिनेस प्यायले, लांबच्या नात्यातला एक तरुण भेटला. आता गावाजवळ हायवेवर त्यांच्या नावाचा प्लाझा आहे, पेट्रोल, खाणं आणि एक छोटं प्रदर्शन. गावाला त्यातून रोजगार मिळाला हे चांगलंच झालं.

पण या केसवरून सगळ्यांचं असंच होईल अशी समजूत करून घेऊ नका. केर्नी कुटुंबाकडे कारागिरी होती, भावाची जमीन होती, मृत्युपत्र लिहिण्याइतकी पत होती, आणि नाव दुर्मिळ होतं. मेयो किंवा गॉलवेच्या पश्चिमेला दुसऱ्याच्या शेतात राबणारा कॅथलिक मजूर शोधायला घेतला तर तिथली कित्येक रजिस्टरं सुरूच होतात 1830-40 च्या दशकात किंवा त्याच्याही नंतर, टाइदमध्ये त्याचं नाव नाही कारण जमीन त्याच्या नावावर नाही, आणि दुष्काळात घर गेलं तर ग्रिफिथमध्येही नाही. अशा माणसासाठी मी वेगळे कागद बघेन. वर्कहाउसची, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी घरांची, भरती रजिस्टरं, तुरुंगाची रजिस्टरं, ज्यात दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून दोन दिवस आत गेलेल्याचीही उंची, डोळ्यांचा रंग आणि जन्मगाव लिहिलेलं असतं. छोट्या कोर्टांची पुस्तकं. कुत्र्याच्या लायसन्सची रजिस्टरं, हो, ती खरोखर आहेत, 1866 पासूनची, मालकाचं नाव, टाउनलँड, कुत्र्याचा रंग, आणि पश्चिमेच्या खेड्यांत कुत्रं बहुतेक घरी होतंच. व्हॅल्युएशन ऑफिसची दुरुस्ती-पुस्तकं पण सोडू नका, ग्रिफिथनंतर दरवेळी घर कुणाच्या नावावर गेलं ते वेगवेगळ्या रंगांच्या शाईने खोडून वर लिहिलंय, त्यावरून बाप कधी गेला आणि मुलगा कधी नावावर आला याचा अंदाज बांधता येतो.

1864 नंतरचं कुटुंब असेल तर आधी आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी साइटवर जा, शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू, मूळ पानाचे स्कॅन, पैसे नाहीत. त्यानंतर 1911, मग 1901. 18 एप्रिल 1926 ला स्वतंत्र आयर्लंडची पहिली जनगणना झाली, तिलाही शंभर वर्षांचाच नियम. चर्च ऑफ आयर्लंडचं घर असेल तर डब्लिनमध्ये त्यांची आरसीबी लायब्ररी आहे, कुठल्या पॅरिशचं काय वाचलंय आणि आत्ता कुठे आहे याची यादी त्यांनी ऑनलाइन ठेवली आहे, ती बघितल्याशिवाय ‘सगळं जळालं’ म्हणून हात झटकू नका. ऑफलीसाठी तुलामोरला तिथल्या इतिहास मंडळाचं केंद्र आणि अर्काइव्ह आहे.

आणि रजिस्टर अजून गावातच असेल तर ज्याच्याकडे ते आहे त्याला मेल करताना गावाचं आणि टाउनलँडचं नाव, आईबापांची नावं, शक्य तेवढी भावंडं, धंदा, आणि पाच वर्षं मागेपुढे धरून एक कालखंड, एवढं नीट लिहून द्या. हे लोक पगारी शोधक नाहीत, चर्चची कामं, अंत्यविधी, लग्नं सांभाळून रात्री बसून बघतात. ‘माझे पूर्वज केर्नी होते, काही माहिती आहे का’ अशा एका ओळीच्या मेलवर त्यांना काही करताच येत नाही, पण गाव, धंदा आणि तीन भावंडांची नावं हाती असली की दहा मिनिटांत पान सापडतं.